दुखतंय म्हणायची बंदी

आमच्या मॅडमसमोर 'दुखतंय' हा शब्द काढायची बंदी होती. बोर्डबिर्ड लावलेला न्हाई, पण एखादी पोरगी ग्राउंडवर टाच धरून बसली अन् "मॅडम, लई दुखून राहिलंय" म्हणली, की मॅडम स्कुटीवर बसल्या बसल्या छत्री मिटवायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "दुखतंय हा आळशी लोकांचा शब्द आहे. डोकं दुखतं, पोट दुखतं, मनसुद्धा दुखतं. टाच काय करते ते सांग."

आता टाच काय करते म्हणजे? टाच खाली असते, तिच्यावर आपण उभं राहतो, संपलं! पण मॅडमचं तिथं संपायचं न्हाई, तिथून सुरू व्हायचं.

आधी सांगते मॅडम कोण. आमचं हायस्कूल सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याला, माझा तांडा तिथून अडीच किलोमीटर. मॅडम तिथं मराठी शिकवायच्या. हो, मराठी! खेळाचे सर बदलून गेले, जागा तशीच रिकामी राहिली, आणि हेडसरांनी शिट्टी मॅडमच्या हातात दिली. कारण काय, तर म्हणे तुमचा आवाज मोठा आहे. मॅडम जन्मात कधी पळाल्या न्हाईत. खरंच सांगते, मी त्यांना एस.टी. पकडायलासुद्धा पळताना बघितलं न्हाई. एस.टी. गेली तर गेली, त्या दुसरीची वाट बघत उभ्या. पण त्यांच्या हाताखालून पळालेल्या पाच पोरी आज वर्दीत आहेत. शाळा सुटून दोन-चार वर्षं झालेल्या पोरी पोलीस भरतीच्या तयारीला परत त्यांच्याकडंच यायच्या. रोज सकाळी साडेपाचला ग्राउंडवर शाळेतल्या अन् भरतीच्या मिळून आमी दहाजणी, आणि स्कुटीवर छत्री उघडून मॅडम. छत्री बाराही महिने. दव पडतं म्हणायच्या.

गावातली माणसं पारावर बसून हसायची. "ज्यांला सोताला पळता येत न्हाई त्या पळायला शिकवून राहिल्या!" एकदा मॅडमनी ते ऐकलं. स्कुटी वळवली, पाराजवळ नेली, आणि त्या बोलणाऱ्या काकांना शांतपणे विचारलं, "तुम्ही म्हशीचं दूध काढता ना? मग दूध तुम्ही देता की म्हैस देते?" आणि स्कुटी वळवून मॅडम ग्राउंडवर परत.

तर टाच.

मॅडमचं म्हणणं असं, की मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत की ते काय उगीच शोभेला ठेवलेले न्हाईत. प्रत्येक शब्दामागं वेगळं कारण आहे. सकाळी अंथरुणातून उठलं, पहिलं पाऊल टाकलं, आणि टाचेत सुई घुसल्यासारखं झालं, पण दहा-वीस पावलं चाललं की कमी झालं, तर ती 'चमक'. चमक म्हणजे तळव्याचा पट्टा. बाजेला नवार कशी असते, तसा टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो म्हणे आपल्या पायाखाली. लई पळलं, एकदम पळणं वाढवलं, पोटरी आखडली, की तो पट्टा टाचेजवळ सुजतो. रात्रभर आखडून बसतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो. टाचेच्या मागं, बुटाची कड लागते तिथं, चढ चढताना ओढल्यासारखं होतं ती 'ओढ', म्हणजे पोटरीची शीर. तळव्याला मुंग्या आल्या, भगभग झाली, तर कुठंतरी बारकी नस दबलीय. आणि बसलं तरी थांबत न्हाई, झोपलं तरी थांबत न्हाई, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की जीव जातो, तो 'ठणका'. ठणका म्हणजे हाड. ठणक्याला मॅडम शिट्टी वाजवायच्या न्हाईत, शिट्टी पर्समध्ये घालायच्या. त्या पोरीचं पळणं त्या क्षणी बंद. हात जोडा, रडा, काहीही करा, बंद म्हणजे बंद.

म्हणून रोज सकाळी गुड मॉर्निंगबिर्निंग न्हाई. "पहिलं पाऊल?" एवढंच विचारायच्या. आमी रांगेत उभ्या राहून एकेक शब्द सांगायचा. "काही न्हाई." "चमक, थोडी." "काही न्हाई." "ओढ." कुणी नवी पोरगी "गुड मॉर्निंग मॅडम, मी फाइन" म्हणली की मॅडम म्हणायच्या, "तू फाइन आहेस ते दिसतंय. मी टाचेची चौकशी केली."

आणि तो लाल पेन! वह्या तपासायचा लाल पेन कायम त्यांच्या कानावर. कुणाला चमक असली की चप्पल काढायला लावायच्या, अंगठ्यानं टाच दाबत दाबत जायच्या, आणि जिथं पोरगी "आई गं" म्हणली तिथं लाल गोल. आठ दिवसांनी परत दाबायच्या. गोल सरकला का, बारका झाला का, बघायच्या. आमच्या घरच्यांना वाटायचं शाळेत काय नवीन पूजा सुरू झाली. माझी याडी, म्हणजे आई, आमच्या तांड्यात याडीच म्हणतेत, ती पहिल्यांदा माझी टाच बघून म्हणली, "मराठीत नापास झालीस का? पायावर काहून लिहिलंय?"

बुटांचं तर वेगळंच. मॅडम बूट हातात घेऊन दुमडायच्या. मधातून चपातीसारखा दुमडला की फेकायला सांगायच्या. फक्त बोटांजवळ वाकायला पाहिजे, म्हणायच्या. मग बूट उलटा करून तळवा असा वाचायच्या जसा काय निबंध आहे. माझा बूट पहिल्या दिवशी वाचला आणि म्हणल्या, "हा तुझा नाही." नव्हताच. चुलतभावाचा होता, पुढं फडकं कोंबलेलं. "दुसऱ्याच्या बुटात दुसऱ्याची चाल असते," म्हणल्या. मी म्हणलं, "मॅडम, आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून अनवाणी अर्धा देश फिरले, मला कहाला बूट?" तर मॅडमचे डोळे असे चमकले! "त्यांच्या टाचेची इज्जत आहे मला," म्हणल्या, "पण ते मातीवरून चालले, बैलाच्या चालीनं. तू डांबरावर पळतेस, स्टॉपवॉचच्या चालीनं."

बर्फाचं सांगायचं राहिलंच की! टाचेला चमक असली की बाटलीत पाणी भरून गोठवायची आणि तिच्यावर पाय ठेवून दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं लाटायचं. आता फ्रीज कुणाकडं? मॅडमनी धरणावरच्या मासेवाल्याला गाठलं. त्याच्या बर्फाच्या पेटीत मासळीच्या खाली आमच्या दहा बाटल्या. सकाळी तो गाडीवरून यायचा, बाटल्या उतरवायचा, पुढं जायचा. बाटली एक नंबर थंड, टाच एकदम शांत, पण वास! वर्गात आमच्या मागं मांजर यायचं. मी घरी गेले की आमचं कुत्रं माझा पाय सोडायचं न्हाई. मॅडमना सांगितलं तर म्हणल्या, "छान. म्हणजे टाचेला चाहते मिळाले."

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. लई कडक, लई मोठे. ऑफिसात अर्धा तास वह्या बघितल्या आणि खुर्चीवरून उठले, तर पहिली चार पावलं लंगडत. हेडसरांनी बघितलं पण बघितलं न्हाई असं केलं. मॅडम सरळ म्हणल्या, "साहेब, बसून उठलं की चमकतं ना?" साहेब म्हणले, "व्हय मॅडम, सकाळी तर विचारू नका. शुगर हाय ना, त्यामुळं असेल." "शुगरला नंतर विचारू. आधी भिंत धरा." आणि मग सगळ्या शाळेनं बघितलं, इन केलेला शर्ट, काळे बूट, साहेब व्हरांड्याच्या भिंतीला दोन्ही हात लावून उभे, एक पाय मागं, मागची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. मॅडम बाजूला उभ्या राहून मोजून राहिल्या. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आता पाय बदला. टाच उचलायची नाही साहेब, फसवणूक चालत नाही." सातवीची पोरं खिडकीला लटकलेली. महिनाभरानं साहेबांचा फोन आला म्हणे, शाळेच्या कामाचा न्हाई, टाचेचा. अंथरुणातून उठायच्या आधी टॉवेल पायात अडकवून ओढायचा, तो उजव्या हातानं का डाव्या?

मला लई दिवस कोडं होतं, की मराठीच्या मॅडमला हे सगळं कुठून येतंय. एकदा मीच विचारलं. त्या दिवशी पाऊस होता, ग्राउंड चिखल, आमी दोघीच व्हरांड्यात. मॅडम म्हणल्या, वर्गातल्या सिमेंटच्या फरशीवर वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचीच टाच गेली होती. पाच डॉक्टर झाले, पाच प्रकारच्या गोळ्या झाल्या. मग नांदेडला एक म्हातारे व्यायामोपचारवाले डॉक्टर भेटले. त्यांनी गोळी दिली न्हाई, विचारलं, "कसं दुखतं?" मॅडम म्हणल्या, "खूप दुखतं." ते म्हणले, "किती दुखतं ते नाही विचारलं, कसं दुखतं?" आणि मॅडमना सांगता आलं न्हाई.

"एम.ए. मराठी," मॅडम पावसाकडं बघत म्हणल्या, "सुवर्णपदक. आणि मला माझ्या स्वतःच्या टाचेबद्दल एक धड वाक्य बोलता आलं नाही गं."

एवढंच. मग म्हणल्या, "चल, पोटरी ताण."

आता माझं. हे सांगायला मला जरा लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या होत न्हाईत.

मी शाळेत असल्यापासून मॅडमकडं पळत होते, पण भरतीची माझी ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी आठशे मीटरला मी अशी मागं पडले की लेखीपर्यंत गेलेच न्हाई. याडीनं तेव्हाच सांगितलं होतं, दोनदा बघ, तिसऱ्यांदा न्हाई. आमच्या तांड्यातून एकही पोरगी पोलिसात गेली नव्हती. तांड्याचा नायक म्हणजे आमच्यातला मोठा माणूस, तोसुद्धा रस्त्यात थांबवून विचारायचा, "काय फौजदारीण, कुठवर आलं?" म्हणजे सगळ्या तांड्याचं लक्ष. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, नऊ आठवडे राहिले आणि मी पागल झाले. मॅडमनी सांगितलेलं पळायचंच, वरून संध्याकाळी चोरून धरणाच्या डांबरी रोडवर पाच-पाच किलोमीटर. एकदम! मॅडम सांगायच्या, पळणं हळूहळू वाढवायचं, हळद कशी नऊ महिने घेते तसं. माझ्याकडं नऊ आठवडे होते, मी हळदीचं ऐकणार का?

पंधरा दिवसांत टाच गेली. आधी चमक. मग चमक जाईचना. मग बसलं तरी, झोपलं तरी. कूस बदलली अन् टाच बाजेला लागली तरी डोळ्यात पाणी. मला शब्द बराबर माहीत होता. रोज सकाळी रांगेत माझा नंबर यायचा, मॅडम विचारायच्या, "पहिलं पाऊल?" आणि मी म्हणायची, "चमक. थोडी."

कारण ठणका म्हणलं असतं तर शिट्टी पर्समध्ये गेली असती.

घरी काकीला दिसलं. माझी चुलती, तांड्यातल्या निम्म्या दुखण्यांचा इलाज तिच्याकडं. म्हणली, "असल्याला बिब्बा लागतंय." बिब्बा म्हणजे ते काळं फळ, त्यातून जळजळीत तेल निघतंय. सुईला टोचलं, दिव्यावर धरलं, तेल सुटलं की टाचेवर ठिपके. पाच ठिपके दिले. मी दातात पदर धरला. काकी म्हणली, "आता बघ, उद्या हरणासारखी पळतीस."

उद्या टाचेवर पाच फोड. काळे डाग, खाज, आणि ठणका तिथंच्या तिथं. तरी मी मोजे घालून गेले! रांगेत उभी राहिले! "चमक. थोडी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "मोजा काढ."

मी हललेच न्हाई.

मॅडम स्कुटीवरून उतरल्या. त्या अशा उतरतच न्हाईत कधी. खाली मातीत बसल्या, सुती साडी मातीत, माझा मोजा स्वतः काढला. फोड बघितले. मला वाटलं आता शिव्या. कारण मॅडमना राग आला की पुस्तकातली भाषा उडून जायची आणि अस्सल आमच्याकडची निघायची. पण शिव्या न्हाई. टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली. मी किंचाळले. पाराकडची माणसं उठून उभी राहिली.

"काहून गं पोट्टे," मॅडम हळू म्हणल्या, "मला खोटा शब्द दिलास?"

बस. त्याच्यापेक्षा चापट बरी होती.

त्याच दिवशी मॅडमनी रजा टाकली आणि मला स्कुटीवर घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?" मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी छताकडं बघितलं. मग मीच सांगितलं, "आधी सकाळी पहिल्या पावलाला चमक होती. चार-पाच दिवसांपासून ठणका आहे. बसलं तरी थांबत न्हाई. बाजूनं दाबलं की जास्त. फोड बिब्ब्याचे आहेत, ते वेगळे, त्यांची आग होते." डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. म्हणला, "इतकं बराबर आमच्याकडं कुणी सांगत न्हाई. येतेत अन् म्हणतेत, पाय दुखतो." मॅडम अजून छताकडंच बघत होत्या, पण मला त्यांची मान दिसली. ताठ झालेली.

फोटो काढला. भेग दिसत नव्हती. डॉक्टर म्हणला, सुरुवातीला कधी कधी दिसतच न्हाई, पण लक्षणं हाडाचीच आहेत, तडकायच्या बेतात आहे असं समजा. असंच पळाली असती तर भरतीचं सोडा, चालायची बोंब झाली असती. चार आठवडे पळणं बंद, उड्या बंद. फोडांना मलम. आणि बिब्बा, चटका, सुई, काहीही परत लावलंत तर माझ्याकडं येऊ नका.

चार आठवडे! नऊमधून दोन मी आधीच नासवले होते. राहिले किती? तीन! मी दवाखान्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं. मॅडमनी समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणल्या, "तीन आठवडे खूप असतात. मी तीन आठवड्यांत दहावीचा पूर्ण पोर्शन घेतलाय."

दुसऱ्या दिवशी माझा बा शाळेत गेला. मी मागं मागं. बा म्हणजे साधा माणूस, हळद-सोयाबीनचा, पण पोरीचा विषय आला की त्याचा आवाज चढतो. "मॅडम, चार आठवडे पोरगी बसवली तर नंबर लागायचा कसा?"

मॅडम म्हणल्या, "भाऊ, तुमचा बैल लंगडला तर तुम्ही औताला जुंपता का?"

"माझ्याकडं बैल न्हाई, ट्रॅक्टर हाय."

"बरं. ट्रॅक्टरचं टायर फाटलं तर?"

"तर बदलून घेतो."

"टाच कुठं बदलून मिळते ते सांगा. मी आत्ता घेऊन येते."

बाचा आवाज खाली आला. म्हणला, "मॅडम, बिब्ब्याला आमची वहिनी... तिचा इरादा वाईट नव्हता."

"इरादा कुणाचाच वाईट नसतो," मॅडम म्हणल्या. "तुमचा नाही, तिचा नाही, हिचा तर नाहीच. टाचेला इरादा कळत नाही."

त्या चार आठवड्यांत मॅडमनी मला एक दिवस रिकामं बसू दिलं न्हाई. खुर्चीवर बसून भरतीची गोळाफेक. फोड वाळले तसं भिंत धरून पोटरी ताणायची. जमिनीवर टॉवेल टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. आणि बाची जुनी सायकल स्टँडवर लावून अंगणात जागच्या जागी पायडल मारायचं, टाचेवर वजन न्हाई पण दम वाढतो. अख्खा तांडा बघायला यायचा. "कुठं चालली गं?" "हिंगोलीला." "पोचलीस का?" "वगरवाडी आली." रोज विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात नायक म्हणला, "आता तर नांदेड ओलांडलं असशील, येताना केळी आण." मी रडत रडत हसायची, पण पायडल थांबवलं न्हाई.

पाचव्या आठवड्यात मॅडम स्वतः अंगणात आल्या. टाच दाबली. बाजूनं, खालून, मागून. "बोल."

मी लई विचार केला. खरंच विचार केला. आत कान लावून बघितलं. "काही न्हाई मॅडम. दाबलं की थोडं हुळहुळं."

"खरा शब्द?"

"खरा शब्द."

मॅडमनी पर्समधून शिट्टी काढली.

मग मातीवरून. डांबर बंद. आधी एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. मग दोन-दोन. मग पाच. नवे बूट मॅडमनी दुकानात स्वतः दुमडून बघून घेतले, दुकानदार ओरडून राहिला होता, "मॅडम, मोडतेत ना!" आणि मॅडम म्हणून राहिल्या, "मोडले तर घेणार नाही, न मोडले तर घेणार. परीक्षाच आहे ही."

ग्राउंडच्या दिवशी मॅडम गेटच्या बाहेर, कारण आत सोडत न्हाईत. मी आत. चेस्ट नंबर लावला, रेषेवर उभी राहिले. शिट्टी झाली. पहिला राउंड एकदम भारी. दुसऱ्या राउंडच्या वळणावर टाचेत झालं काहीतरी. अगदी बारीक. मागच्या वर्षी असतं तर मी घाबरून ढिली पडले असते. पण मी पळता पळताच विचारलं, कसं? सुईसारखं. येतंय आणि जातंय. ठणका न्हाई. चमक आहे. चमक म्हणजे पट्टा, पट्टा म्हणजे चालतंय, हाड न्हाई! आणि मी पाय सोडला. शपथ, असा सोडला! शेवटच्या शंभर मीटरमध्ये चार पोरी मागं टाकल्या. मागच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी.

लेखी झाली, यादी लागली, यादीत माझं नाव. ते वाचून मी काय केलं ते सांगत न्हाई, सगळ्यांनी तेच केलं असतं.

तांड्यानं सत्कार ठेवला. लिंबाखाली मंडप, माइक, शाल, झेंडूचा हा एवढा हार. मी खुर्चीवर, बाजूला मॅडम. नायकानं मॅडमना दोन शब्द बोलायला लावलं. मॅडम उठल्या आणि दोनच शब्द बोलल्या असत्या, पण समोर बाया बसलेल्या. ऊसतोडीला गेलेल्या, हळद शिजवताना दिवसभर उभ्या राहिलेल्या, पाणी डोक्यावर वाहिलेल्या. मॅडम म्हणल्या, "हिनं टाच सांभाळली म्हणून ही इथं बसलीय. तुमच्यात कुणाच्या टाचेला काही होतं का?"

सगळ्यांचे पदर तोंडाला.

आणि काकी उठली. माझी काकी! बिब्ब्यानंतर ती मॅडमच्या समोर आली नव्हती कधी. म्हणली, "मॅडम, तुमचं ते चमक अन् ठणका पोरीकडून ऐकलं मी. त्याच्यात माझं बसत न्हाई. चूल इझली तरी राखंत लाकूड आतल्या आत कसं धुमसत राहातंय, वरून गार अन् आत धग, तसं व्हतंय. दिवसभर काम केल्यावर."

मॅडमनी कानावरचा लाल पेन काढला. नायकाच्या भाषणाच्या कागदावर लिहिलं. "धुमस," म्हणल्या. "हा शब्द माझ्याकडे नव्हता. कधीपासून आहे बाई?"

"लगीन झाल्यापसून."

बाया हसल्या. मॅडम हसल्या न्हाईत. "इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही?"

काकी म्हणली, "कुणी इचारलं?"

मॅडम माइक सोडून खाली आल्या. काकीला पाटावर बसवलं, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. आणि मग बाजूची उठली. मग तिच्या बाजूची. प्रत्येकीचा वेगळा शब्द. कुणाची टाच चिरते, कुणाची बधिर होते, कुणाची उभी राहिली की जमिनीत रुतल्यासारखी होते. रांग लिंबाखालून पार नळापर्यंत गेली. मी शाल अंगावर घेऊन एकटी खुर्चीवर. हार टेबलावर. मला आयुष्यात इतकं भारी कधीच वाटलं न्हाई, खरं सांगते, यादीत नाव बघून पण न्हाई.

नायक माइकवर म्हणला, "अहो, सत्काराचं काय करायचं?"

काकीनं पाटावरूनच आवाज दिला, "पोरगी काय पळून चालली का? उद्या घाला हार!"

उद्या घातला. फोटोत झेंडू पार सुकलेला दिसतो. जो बघतो तो विचारतो, शिळा हार काहून घातला गं? मग मला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.